शब्दचर्चा: ‘कमबॅक अल्बम’ला मराठीत काय म्हणावं?

गिरणाकाठ (भडगाव)
एमएफ डूम या रॅपरवर एका अंकासाठी लिहितोय. धाकट्या भावासोबत त्याचा केएमडी नावाचा ग्रुप होता. 1993 मध्ये भाऊ गाडीच्या धडकेत गेला, पुढे रेकॉर्ड कंपनीने ग्रुपचा तयार अल्बम काढायला नकार दिला, आणि हा दिसेनासाच झाला. 1997 च्या सुमारास न्यूयॉर्कच्या एका कवी-कॅफेत चेहरा झाकून रॅप करू लागला आणि 1999 मध्ये एका छोट्या स्वतंत्र लेबलवर ‘ऑपरेशन: डूम्सडे’ आला. मी ‘कमबॅक अल्बम’ लिहिलं, संपादकांनी ‘पुनरागमनाचा अल्बम’ केलं. मला पटत नाही. गेला तो झेव्ह लव्ह एक्स (केएमडीतलं त्याचं नाव), आला तो मुखवट्यातला डूम. मग ‘पुनः’ कोण आलं?

अमळनेरकर
पुनरागमनात काय वाईट आहे? गणपती बोळवताना ‘पुनरागमनाय च’ म्हणतोच की. खेड्यातल्या म्हातारीलाही कळतं.

गिरणाकाठ
नाना, गणपती दरवर्षी तोच येतो. अडचण तीच आहे.

केळीवाला (रावेर)
आमच्याकडे शब्द तयार आहे: पिलबाग. घड कापला की जुनं झाड संपलं. त्याच कंदाचं बाजूचं पिल राखायचं, बाकीची कापून टाकायची. ते पिल नवं झाड असतं, पण कंद जुनाच, आणि निसवतं (घड बाहेर टाकतं) पहिल्या बागेपेक्षा लवकर. तुमचा डूम तसाच आहे. ‘पिलबागेचा अल्बम’ लिहा, जळगाव जिल्ह्यात कुणी अर्थ विचारणार नाही.

अमळनेरकर
आणि पुण्यात?

केळीवाला (रावेर)
पुण्याचे शब्द आम्ही शाळेपासून पाठ केले. एक शब्द त्यांनी करावा.

कापूसकरी (शिरपूर)
हेच आमच्याकडे फरदड. पण तो शब्द चुकूनही वापरू नका. वेचणी संपल्यावर पाणी देऊन कपाशी तशीच उभी ठेवली की गुलाबी बोंडअळीला पुढच्या हंगामापर्यंत खायला मिळतं, म्हणून कृषी खातं फरदड घेऊ नका असं दरवर्षी सांगतं. जुन्या नावावर ओढूनताणून काढलेला अल्बम असेल तर त्याला फरदड म्हणा. डूमचा तसा नाही.

साक्रीवाली
माझा भाचा अहिराणीत रॅप करतो. त्याला विचारलं तर म्हणाला, “मावशी, बठ्ठा कमबॅकच म्हणतस” (सगळे कमबॅकच म्हणतात). ज्यांची कला आहे त्यांचा शब्द राहू द्या. ‘अल्बम’ आणि ‘रॅप’ चालतात, मग ‘कमबॅक’वरच राग का?

अमळनेरकर
अल्बमला पर्याय नाही म्हणून चालतो. पुनरागमन हा पर्याय असताना कमबॅक घेणं हा आळस आहे. असंच एकेक करत निम्मी भाषा गेली.

साक्रीवाली
पुनरागमनसुद्धा संस्कृतातून उचललेला. आमच्या आजीच्या तोंडी तो कधीच नव्हता. ती ‘परत उना’ म्हणायची. दोन शब्दांत काम व्हायचं.

केळीवाला (रावेर)
‘परत उना’ गोड आहे ताई, पण त्यात तोच माणूस परत येतो. पिलबागेत तसं होत नाही.

कापूसकरी (शिरपूर)
आमच्या भागात काही जण केळीलाही खोडवाच म्हणतात, उसासारखं.

केळीवाला (रावेर)
चूक आहे ते. ऊस तोडल्यावर खोडापासून पुन्हा फुटतो म्हणून खोडवा. केळीचं पिल कंदापासून येतं. तापीकाठी कुठल्याही बागायतदाराला विचारा.

कापूसकरी (शिरपूर)
शिरपूरही तापीकाठीच आहे, भाऊ. आणि केळी फक्त रावेर-यावलात लागते असं नाही.

गिरणाकाठ
अंक सोमवारी छपाईला जातो. मधल्या रिकाम्या वर्षांसाठी ‘खंड’ लिहू की ‘खाडा’, एवढं तरी सांगा.

साक्रीवाली
खाडा मजुरीत पडतो. भाऊ गेलेल्या माणसाला खाडा लावू नका.

केळीवाला (रावेर)
खंड लिहा. आणि खोडव्याचं म्हणाल तर आमच्या आजोबांपासून एकही माणूस केळीला खोडवा म्हणालेला मी ऐकलेला नाही.