संस्थेच्या घटनेत दुरुस्ती करायची आहे, पण २०११ ची दुरुस्ती धर्मादाय कार्यालयात पोचलीच नव्हती

गिलावा:
नमस्कार. आमची जिल्ह्याच्या ठिकाणची इंजिनिअर-आर्किटेक्ट लोकांची संस्था आहे. १९८७ साली नोंदलेली, संस्था नोंदणी अधिनियम आणि धर्मादाय आयुक्त कार्यालय, दोन्हीकडे. यंदा सचिवपद माझ्याकडे आलं आणि पहिलंच काम हाती घेतलं ते घटना दुरुस्तीचं.

कारण असं, की पदविकाधारकांना आमच्याकडे ‘सहयोगी सभासद’ म्हणतात. वर्गणी तेवढीच, कार्यक्रमाच्या धावपळीत सगळ्यांत पुढे तेच, पण त्यांना मत नाही. मी स्वतः डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला पदवीला गेले. माझ्या वर्गातला एक जण डिप्लोमावरच थांबला, घरची परिस्थिती तशी होती. बावीस वर्षं साइट सांभाळतोय. स्लॅबच्या आदल्या संध्याकाळी सळईचं अंतर टेपनं मोजायला आजही मी त्यालाच बोलावते. त्याला अध्यक्ष निवडता येत नाही आणि मला येतो, हे मला कधीच पटलेलं नाही.

मसुदा करायचा म्हणून धर्मादाय कार्यालयातून घटनेची नक्कल काढली, तर मिळाली ती १९८७ ची. आमच्या कपाटात जी छापील पुस्तिका आहे ती २०११ ची. त्यात कोरम (सभेला लागणारी किमान हजेरी), कार्यकारिणीची मुदत, बरंच काही बदललंय. इतिवृत्तात ठराव आहे, सूचक-अनुमोदक आहेत, पण चेंज रिपोर्ट, म्हणजे बदल धर्मादाय कार्यालयाला कळवणारा अर्ज, गेलेलाच नाही. म्हणजे इतकी वर्षं आम्ही नोंद नसलेल्या नियमांनी कारभार केला. हे कळल्यावर दोन रात्री नीट झोप लागली नाही.

१९८७ च्या घटनेत दुरुस्तीसाठी मताधिकार असलेल्या सभासदांपैकी निम्म्यांची हजेरी आणि हजर असलेल्यांची दोन-तृतीयांश मतं लागतात. नोटीस ‘यूपीसी’ने, म्हणजे टपाल टाकल्याचा पोस्टाचा दाखला घेऊन, पाठवायची. यादीत ३१२ नावं आहेत आणि वार्षिक सभेला साठ-सत्तरच्या वर माणसं येत नाहीत. मग जुन्या घटनेनं जायचं की पुस्तिकेनं? कोरमअभावी अर्ध्या तासाने तहकूब सभा घेऊन ठराव केला तर टिकेल का? आणि नोटीस व्हॉट्सॲपवर चालेल का?

जुनी फाईल:
ताई, मी वकिलांच्या ऑफिसात ट्रस्टचं काम एकतीस वर्षं केलंय. तुमच्यासारखी प्रकरणं दर वर्षी यायची.

कार्यालयात जी घटना नोंदलेली आहे तिच्याप्रमाणेच चाला. पुस्तिका बाजूला ठेवा. २०११ चा बदल त्या वेळी ९० दिवसांत कळवायला हवा होता. विलंब माफीचा अर्ज करता येतो, पण तेव्हा नोटीस कुणाकुणाला गेली याचा पुरावा तुमच्याकडे आहे का? नसेल तर तेच बदल या सभेत नव्यानं मांडा. जुनं निस्तरण्यापेक्षा ते सोपं जातं.

तहकूब सभेच्या भरवशावर राहू नका. अर्ध्या तासाचं कलम बहुतेक घटनांमध्ये नेहमीच्या कामकाजासाठी असतं. दुरुस्तीचा कोरम वेगळा दिला असेल, तर एका सभासदानं हरकत घेतली तरी अख्खं प्रकरण अडकतं.

आता तुमच्या फायद्याची गोष्ट. १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याचं कलम १५ वाचा. ज्याची वर्गणी तीन महिन्यांहून जास्त थकली आहे त्याला मत नाही आणि तो सभासद म्हणून मोजलाही जात नाही. यादी घेऊन बसा, आकडा बराच खाली येईल.

आणि उद्देशांच्या कलमाला हात लावू नका. तिथं एक शब्द बदललात तरी कलम १२ लागतं. प्रस्ताव दहा दिवस आधी प्रत्येकाला लेखी, तीन-पंचमांश मतं, मग महिन्याच्या अंतराने दुसरी सभा आणि तिथं पुन्हा तीन-पंचमांश. तुमचा बदल सभासदत्वाचा आहे, तो नियमांतच राहू द्या.

ओळंबा:
आमच्या कोकणातल्या संस्थेत हे सगळं करून झालंय. यूपीसी पोस्टानं २०११ सालीच बंद केली. आम्ही स्पीड पोस्टनं नोटिसा पाठवल्या आणि पावत्या यादीच्या क्रमानं चिकटवून ठेवल्या. धर्मादाय कार्यालयातल्या सुनावणीत पहिल्यांदा त्याच मागितल्या. व्हॉट्सॲप आठवणीपुरतं वापरा.

थकबाकीदारांनाही नोटीस पाठवा, किती रक्कम बाकी आहे ते लिहून. नाव कुणाचंच परस्पर कापू नका. नोटिशीबरोबर तीन रकान्यांचा तक्ता द्या: जुना नियम, नवा नियम, कारण. नुसता मसुदा पाठवला तर सभेत एकेका शब्दावर तास जातो.

गिलावा:
काका, तुमचे फार उपकार. रविवारी खजिनदारांबरोबर रजिस्टर घेऊन बसले. ३१२ पैकी ३१ वारलेत, ८४ जण थकबाकीत. राहिले १९७, त्यात सहयोगी ४९. मताधिकाराचे १४८, म्हणजे कोरम ७४. हे जमेल.

२०११ च्या नोटिशींचा पुरावा कुठेच नाही, तेव्हा ते बदलही पुन्हा मांडते आहे. उद्देशांमध्ये ‘पर्यावरणपूरक बांधकाम’ घालायची एकांची फार इच्छा होती. त्यांना कलम १२ दाखवलं, ते थांबायला तयार झाले.

एक ज्येष्ठ सभासद मात्र विरोधात आहेत. पदविकावाले संस्था ताब्यात घेतील, अशी त्यांना भीती वाटते. १४८ आणि ४९ हे आकडे त्यांच्यापुढे ठेवले, तरी ते हरकत लेखी देणार आहेत. मला त्यांच्याबद्दल आदर आहे, स्ट्रक्चरचं काम मी त्यांच्याच हाताखाली शिकले. ती हरकत सभेत वाचून दाखवावी का?

जुनी फाईल:
पूर्ण वाचा, मधलं काही गाळू नका. उत्तरही द्या आणि दोन्ही इतिवृत्तात घ्या. मतदान हात वर करून नको, चिठ्ठीनं घ्या आणि चिठ्ठ्या सीलबंद ठेवा. त्याच दिवसापासून ९० दिवस मोजायला लागा.

गिलावा:
तसंच करते. नोटिसा परवा पोस्टात पडतील. पाकिटांवर पत्ते लिहायचं काम माझ्या त्या डिप्लोमाच्या मित्रानं मागून घेतलंय. काल रात्रीपर्यंत एकशे दहा झाली होती.