कोझिकोड: टेबलटॉपच्या माथी किती दिवस मारणार?

वातकुक्कुट: ७ ऑगस्ट २०२० ला दुबईहून आलेलं एअर इंडिया एक्सप्रेसचं बोइंग ७३७ विमान कोझिकोडला दरीत गेलं, १९० पैकी २१ जण गेले. त्यावर काल एक पोस्ट फिरत होती: ‘पाऊस आणि टेबलटॉप धावपट्टी, वैमानिकाच्या हातात काही नव्हतं.’ (टेबलटॉप म्हणजे डोंगरमाथ्यावरची, कडेला दरी असलेली धावपट्टी.) हे वाचून गप्प बसवेना.

धावपट्टी २,७०० मीटर, म्हणजे ८,८५८ फूट. चाकं टेकली ४,४३८ फुटांवर. टेकायचा पट्टा पहिल्या ३,००० फुटांत संपतो. टेकताना पाठचा वारा १४ नॉट (ताशी सुमारे २६ किमी). हवेतला वेग १४० धरला तर जमिनीवर १५४ नॉट होतात, म्हणजे सेकंदाला २६० फूट. नेम हजार फुटांच्या खुणेवर असतो. तिथून पुढे विमान साधारण १३ सेकंद हवेतच तरंगत राहिलं. त्याच्या आधी, खाली येतानाही वेग मिनिटाला १,५०० फुटांपर्यंत गेला होता; हजारच्या वर गेला की अप्रोच (उतरण्यासाठी खाली येणं) सोडायचा हा नियम सगळ्यांना पाठ असतो. परत वर जायचं तर थ्रस्ट लिव्हरवरचं (इंजिनाचा जोर ठरवणाऱ्या दांड्यावरचं) बटण दाबायचं, पंखांचे फ्लॅप १५ वर, चढ दिसला की चाकं वर. हातात नव्हतं म्हणता?

डोंगरमाथा: चौकशीचा अहवाल वाचून मेलेल्या माणसाला दोषी ठरवणं सोपं आहे. धावपट्टी २८ वर (पश्चिमेकडे तोंड करून) उतरायचं सोडून १० (तीच पट्टी, पूर्वेकडे तोंड करून) कशाला दिली? दुसऱ्या विमानाला १० वरून उडायचं होतं म्हणून! वारा पश्चिमेचा आहे हे टॉवरलाही दिसत होतं, ८ नॉट म्हणून त्यांनीच सांगितला.

वातकुक्कुट: दिली म्हणजे घ्यायलाच हवी असं नाही. साठेंसारख्या, हवाई दलात मुरलेल्या कॅप्टनला ‘२८ च हवी’ म्हणायला एक वाक्य पुरलं असतं.

हँगरमधून: तुम्ही दोघं वायपरवर का बोलत नाही? पहिल्या अप्रोचला कॅप्टनच्या बाजूचा वायपर बंद पडला. दुसऱ्या वेळी चालला, पण निवडलेल्या वेगापेक्षा हळू. ७३७ ला दोन्ही बाजूंना वेगळी मोटर असते. मोटर दमली किंवा आर्मच्या स्प्रिंगचा ताण कमी पडला की १४० नॉटच्या वाऱ्यात ब्लेड काचेवरून उचललं जातं. पाणी पुसलं जात नाही, फक्त फासलं जातं. ताण स्प्रिंगकाट्याने मोजायचा असतो, बोटाने दाबून नव्हे. आणि कोरड्या काचेवर वायपर फिरवला की काचेवरचा पाणी झटकणारा लेप उडतो, मग नवा ब्लेड बसवून उपयोग शून्य. पावसाळ्याच्या तोंडी हे सगळं तपासायला लागतं तरी किती वेळ?

फ्लॅप३०: @हँगरमधून, वायपर खराब असेल तर पावसात उतरूच नये, असा नियम आहे. दुसरीकडे जायचं होतं. इंधन होतं.

हँगरमधून: ‘जायचं होतं’ म्हणे! म्हणजे बिघाड पुसून टाकला तुम्ही. समोरची काच पाण्याने भरलेली, रात्र, दिव्यांचे फराटे. त्यात विमान जमिनीपासून किती उंच आहे हे डोळ्यांना कळतच नाही, म्हणून माणूस ओढत ओढत पुढे जातो. तुमचे १३ सेकंद त्या काचेतून आलेत.

वातकुक्कुट: फराट्यांमुळे उंची कळली नाही, हे मानतो. पण न दिसणं हेच तर परत वर जाण्याचं कारण. अहवालात ‘गो अराउंड’ (उतरणं सोडून परत वर चला) ही को-पायलटची हाक नोंदलेली आहे. तेव्हा दोघांचे हात एकाच बाजूला हवे होते. आणि हाक ऐकली गेली नाही तर ताबा घ्यायचा, तो त्याने घेतला नाही.

डोंगरमाथा: कसा घेईल? त्या तळावर २६ को-पायलट आणि एकच कॅप्टन होता! दुसऱ्या दिवशीची फेरीही याच कॅप्टनच्या नावावर. परत वर गेलो, दुसरीकडे उतरलो, तर उद्याची फेरी कोण नेणार? हे कंपनीने टाकलेलं ओझं.

फ्लॅप३०: हे खरंय, याला उत्तर नाही. पण ओझं टाकलं म्हणून निर्णय तसाच घ्यायचा असं नसतं. मंगळुरूचा विमान अपघात आठवा, २२ मे २०१०: पाऊस नाही, वायपरचा प्रश्नच नाही. ८,०३३ फुटांपैकी ५,२०० फुटांवर चाकं टेकली, को-पायलटने ‘गो अराउंड’ म्हटलं, १५८ गेले. कारणांची यादी बदलली, शेवट तोच.

डोंगरमाथा: मग कडेला चिरडणाऱ्या काँक्रीटचे ठोकळे का नाहीत? चाक त्यात रुतून विमान थांबतं. कोझिकोडला विमान धावपट्टी सोडताना ८४ नॉटवर होतं, खालच्या रस्त्यावर आदळताना ४१ वर.

वातकुक्कुट: ते ठोकळे साधारण ७० नॉटपर्यंत धरतात. ८४ ला पूर्ण थांबवतील अशी खात्री कोणी देणार नाही. तरी बसवावेत, यात वाद नाही. २४० मीटरची मोकळी पट्टी होती, ती संपली आणि कड आली.

डोंगरमाथा: बसवावेत हे मान्य केलंत, एवढं पुरे. उशिरा टेकणं चूक होती हे मीही नाकारत नाही. पण फक्त तेवढंच लिहून पोस्ट संपवू नका.

हँगरमधून: आणि रिव्हर्सर (इंजिनाचा झोत पुढे वळवून वेग कमी करणारी झडप) उघडल्यावर परत उडता येत नाही, हे पोस्ट लिहिणाऱ्याला कुणीतरी सांगा. निर्णयाला वेळ असतो तो चाकं टेकून रिव्हर्सर उघडेपर्यंत, दोन-तीन सेकंद. त्या तीन सेकंदांत काच स्वच्छ हवी.