शिशाचं काम आणि किडनी: क्रिएटिनिन 1.2 म्हणजे सगळं ठीक का?

वागळे_गाळा
बॅटरीच्या प्लेटा ओतण्याचं काम, 14 वर्षं. वय 46, मधुमेह नाही. रक्तातलं शिसं 42 मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर, क्रिएटिनिन (किडनी रक्तातून बाहेर टाकते तो टाकाऊ पदार्थ) 1.2, युरिक ॲसिड 8.9, बीपी 150/96. लघवीची साधी तपासणी स्वच्छ. हे रिपोर्ट माझ्या भावाचे. लॅबने किडनी नॉर्मल म्हटलंय. निर्धास्त राहावं का?

नेफ्रॉन
नाही. शिशाचा मार किडनीतल्या गाळणीपेक्षा तिच्या पुढच्या नलिकांना बसतो, म्हणून बराच काळ लघवीत प्रथिनं किंवा रक्त फारसं दिसत नाही. नलिकेच्या सुरुवातीच्या पेशी शिसं शोषून घेतात आणि त्यांच्या मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे पेशीला ऊर्जा देणारे भाग, बिघडतात. वर्षानुवर्षं हे चाललं की पेशी मरतात, आजूबाजूला चट्टे पडतात, किडन्या आक्रसतात. नलिका युरिक ॲसिड बाहेर टाकायला कमी पडतात, भावाचा 8.9 त्यातून आला असू शकतो. बीपीचंही तसंच.

क्रिएटिनिन फार उशिरा बोलतं. जवळपास निम्मी क्षमता गेल्यावर ते ठळकपणे चढतं. 46 वर्षांच्या पुरुषात 1.2 म्हणजे ईजीएफआर (किडनीच्या गाळण्याच्या वेगाचा अंदाज) सुमारे 75. एवढ्यावरून किडनीचा आजार ठरत नाही, पण लघवीतलं अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तर आणि सोनोग्राफी करून घ्या, ईजीएफआर दर तीन-सहा महिन्यांनी बघा. वाढलेल्या युरिक ॲसिडमुळे सांधा सुजला तर डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्या परस्पर घेऊ नका. आधीच दमलेल्या किडनीला त्या इजा करू शकतात.

हाडातलं_शिसं
42 हा आकडा मुख्यतः अलीकडच्या संपर्काचा. रक्तातल्या शिशाचं अर्धआयुष्य साधारण महिनाभर, हाडातलं मात्र दहा-वीस वर्षं किंवा जास्त. प्रौढाच्या शरीरातलं 90 टक्क्यांहून अधिक शिसं हाडांत असतं, आणि काम सोडल्यावरही तिथून रक्तात झिरपत राहतं. म्हणून 20-25 पर्यंत उतरलं तरी तपासण्या थांबवू नका. नमुना अख्ख्या रक्ताचा, शिसंमुक्त नळीत घेतलेला हवा. सीरमवर, म्हणजे पेशी काढून उरलेल्या द्रवावर, ही चाचणी होत नाही, कारण जवळजवळ सगळं शिसं तांबड्या पेशींना चिकटलेलं असतं.

वागळे_गाळा
मग शिसं काढायचं इंजेक्शन घ्यायचं का?

नेफ्रॉन
आत्ताच नको. त्या इंजेक्शनातलं औषध, कॅल्शियम ईडीटीए, स्वतः किडनीला त्रास देऊ शकतं. संपर्क चालू असताना ते घेतलं तर शरीर रिकामं होतं आणि पुन्हा भरतं. आधी भट्टीपासून दूर. लक्षणं किंवा आकडा फार वर असेल तर निर्णय तज्ज्ञाचा, तोही दवाखान्यात देखरेखीखाली. नागभस्म असलेलं औषध चालू असेल तर ताबडतोब बंद करायला सांगा. नाग म्हणजे शिसंच.

रबाळे_सेफ्टी
गाळ्यात काय बदलायचं ते सांगतो, कारण औषधाने हे सुटणार नाही. भट्टीच्या तोंडावरच धूर ओढणारा हूड हवा. छताचा पंखा धूर पसरवतो. कोरडा झाडू बंद, ओलं पुसणं किंवा हेपा (अतिबारीक धूळ अडवणाऱ्या) फिल्टरचा व्हॅक्यूम. कापडी मास्क शिशाच्या धुराला काहीच अडवत नाही, पी100 फिल्टरचा रेस्पिरेटर चेहऱ्याला नीट बसलेला लागतो, दाढीवर तो बसत नाही. डबा, चहा, बिडी भट्टीजवळ अजिबात नाही. तळहातावर तंबाखू मळणं तर फारच वाईट, धूळ थेट तोंडात जाते. निघताना साबणाने अंघोळ, कपडे गाळ्यातच सोडा आणि ते घरच्या कपड्यांत धुऊ नका; लहान मुलांना फार कमी शिसंही बाधतं. लोह किंवा कॅल्शियम कमी असेल तर आतडं शिसं जास्त शोषतं, तेही तपासा.

आणखी एक: शिशाची विषबाधा हा कायद्याने कळवायचा व्यावसायिक आजार आहे. भावाचा ईएसआय विमा असेल तर डॉक्टरांकडून कामाचा प्रकार आणि वर्षं केसपेपरवर लिहून घ्या. दाव्याच्या वेळी तो कागद लागतो.