सर्कशीला जागा देऊ नका म्हणणाऱ्या मास्तरांना तंबूत जन्मलेल्या मुलीचं उत्तर

तंबूतली लेक

परवा या चर्चागटात निवृत्त मास्तरांनी लिहिलं, की सर्कस, मौत का कुआ (लाकडी विहिरीच्या भिंतीवर गाडी चालवण्याचा खेळ) आणि डोंबाऱ्याचा खेळ म्हणजे 'दुसऱ्याने जीव टांगायचा आणि आपण शेंगा खात बघायचं'. म्हणून यात्रा कमिट्यांनी यंदापासून त्यांना जागाच देऊ नये, त्या मैदानात विज्ञान प्रदर्शन भरवावं. खाली शाबासक्यांची रांग लागली. दोन रात्री मी गप्प बसले, आता बसवत नाही.

माझा जन्म सर्कशीतला. वडील झुल्यावर कॅचर होते. गुडघ्यांत दांडी धरून उलटं लटकायचं आणि हवेतून येणाऱ्याची मनगटं पकडायची. आई एकचाकी सायकलवर. वडिलांच्या हातून माणूस कधी सुटलाच नाही असं मी म्हणणार नाही. माझ्या आठवणीत दोनदा सुटला, आणि दोन्ही वेळा खाली जाळी होती. जाळीत पाठीवर पडायचं, पायांवर पडलं तर गुडघा जातो, हे मला बाराखडीच्या आधी शिकवलेलं आहे. मास्तर, तुम्ही ज्याला जीव टांगणं म्हणता त्याच्यामागे रोज पहाटेची तीन तासांची मेहनत असते. पाहायला या, त्या वेळी तिकीट लागत नाही.

आणि हे कुणाच्या घरचं? विष्णुपंत छत्र्यांनी मुंबईत किआरिनीची इटालियन सर्कस पाहिली आणि १८८० मध्ये स्वतःची उभी केली. या देशातली पहिली सर्कस मराठी माणसाची. मग म्हैसाळचे देवल, मग कार्लेकर. पुण्याचे दामू धोत्रे अमेरिकेत रिंगलिंग सर्कशीच्या रिंगणात वाघ-सिंहांसमोर उभे राहिले. छत्र्यांच्या ओळखीतून तिकडे केरळात थलश्शेरीला कीलेरी कुञ्ञिकण्णन यांनी कळरीतल्या, म्हणजे तिकडच्या युद्धकलेच्या आखाड्यातल्या, पोरांना सर्कशीसाठी तयार करायला घेतलं, म्हणून माझे वडील मल्याळी आणि आई सातारची. अशी शेकडो घरं आहेत. आम्हाला जागा नाकारताना निदान एवढं माहीत असावं.

निवृत्त मास्तर

ताई, तुमच्या वडिलांच्या कौशल्याबद्दल मी एक शब्दही वावगा काढलेला नाही. माझा मुद्दा मुलांचा आहे, आणि त्याला तुम्ही हातही लावलेला नाही.

एकतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत होतो. दरवर्षी जत्रेच्या आठवड्यात एक डोंबाऱ्याची मुलगी माझ्या वर्गात येऊन बसायची. हजेरीपटावर नाव नाही, पण मी बसू द्यायचो. पाढे तिला माझ्या वर्गातल्या मुलांपेक्षा लवकर यायचे. तीन वर्षं आली. चौथ्या वर्षी तिचा बाप एकटाच ढोलकं घेऊन आला. विचारलं तर म्हणाला, पडली. पुढे काही बोलला नाही आणि मलाही विचारवलं नाही. खाली जाळी नव्हती, ताई. शाळेसमोरच्या डांबरी रस्त्यावर दोर बांधलेला असायचा.

सर्कशीत मुलांना कामाला ठेवायचं नाही हे सर्वोच्च न्यायालयाने १८ एप्रिल २०११ ला सांगितलेलं आहे. ते उगीच नाही सांगितलं.

यात्रा कमिटी

मी आमच्या गावच्या यात्रेचा हिशेब ठेवतो, म्हणून सांगतो. सर्कस आता आमच्याकडे येतच नाही, त्यामुळे बंदी घालायची वेळ कुणावर येत नाही. पाळणेवाले येतात, मौत का कुआ येतो. पोरांना ऑर्केस्ट्रा पाहिजे, आणि लावणीच्या नावाखाली जे चालतं ते पाहिजे. वर्गणीतला निम्मा पैसा साउंडवाल्याला जातो. तमाशाचा फड ठरवायला पूर्वी आम्ही चैत्रात नारायणगावला राहुट्यांवर जायचो, सुपारी द्यायचो, तेही आता थांबलं. मास्तरांचं विज्ञान प्रदर्शन चांगलं आहे, पण रात्री दहाला त्याला माणूस कुठून आणायचा?

मुकी जनावरं

मला वेगळंच खटकलं. ताईंनी वाघ-सिंहांचा उल्लेख मोठ्या अभिमानाने केला. १९९८ ची अधिसूचना आणि २००१ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल, यामुळे अस्वल, माकड, वाघ, बिबळ्या, सिंह सर्कशीतून सुटले. या देशात प्राण्यांच्या बाजूने झालेल्या मोजक्या चांगल्या गोष्टींपैकी ती एक. पिंजऱ्यात चार पावलं पुढे, चार पावलं मागे करणारा सिंह मी लहानपणी पाहिलाय. त्या धंद्यासाठी मला रडू येत नाही.

घाटातला गडी

हे प्राणीवाले कुठेही घुसतात. २०१४ ला यांनीच आमच्या बैलगाडा शर्यती बंद पाडल्या. सात वर्षं आमचे घाट, म्हणजे शर्यतीच्या धावपट्ट्या, ओस पडले. खोंड विकले लोकांनी, कवडीमोलाने. ज्या बैलाला पोटच्या पोरासारखं वाढवलं त्याला बाजार दाखवला. डिसेंबर २०२१ ला कोर्टाने परवानगी दिली, १८ मे २०२३ ला घटनापीठाने राज्याचा शर्यतीचा कायदा टिकवला. आता बोला.

मुकी जनावरं

बोलते की. कायदा टिकला, पण त्या कायद्यात चाबूक नाही, काठी नाही, विजेचा झटका नाही. जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी हवी. मोडलं तर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड. किती घाटांत हे पाळलं जातं ते छातीवर हात ठेवून सांगा.

घाटातला गडी

आमच्या घाटात पाळलं जातं. तुम्ही आयुष्यात कधी बैलाला वैरण टाकली आहे का? माझा बाप आजारी होता तेव्हा आम्ही आधी बैलाचं पाहायचो, मग त्याचं. खिलार जात शर्यतीमुळे टिकली, तुमच्या अर्जांमुळे नाही. शर्यत बंद केली की शेतकरी बैल ठेवत नाही, ट्रॅक्टर घेतो, आणि बैल कुठे जातो ते तुम्हालाही माहीत आहे.

मुकी जनावरं

'बंद केलं तर मरतील' हेच सर्कसवालेही म्हणत होते. आणि वैरणीचं म्हणाल, तर माझं माहेर शेतकऱ्याचं आहे. शेपटी पिरगाळताना मी माझ्या सख्ख्या चुलत्याला पाहिलंय, त्याच्याशी त्यावरून बोलणं टाकलंय. मला शिकवू नका.

घाटातला गडी

चुलता वाईट म्हणून सगळा गाव वाईट? हे बरं आहे.

यात्रा कमिटी

दोघांनी जरा आवरा. धागा सर्कशीचा आहे.

तंबूतली लेक

नाही, बैलांचा विषय निघालाच आहे तर मला बोलू द्या, कारण माझी खरी जखम तिथेच आहे.

२००१ नंतर आमचे सिंह बचाव केंद्रात गेले. गाडी निघाली तेव्हा त्यांची निगा राखणारे मामा दिवसभर जेवले नाहीत. मुकी जनावरं ताईंचा पिंजऱ्याचा मुद्दा मी मान्य करते. पिंजरा लहान होता. मीही ती चार पावलं मोजलेली आहेत, आणि आज तो सिंह परत आणा असं मी कधीच म्हणणार नाही. पण त्या दिवशी खेळातला अर्धा तास गेला, आणि त्याबरोबर निम्मं गिऱ्हाईक. पुढे हत्तीही गेला. बैलांवर बंदी आली तेव्हा आमदार रस्त्यावर उतरले, विधानसभेने कायदा केला, सरकार कोर्टात भांडलं. आमच्यासाठी कोण भांडलं? सर्कशीला तालुका नसतो, मतदारसंघ नसतो. दर महिन्याला मुक्काम बदलणाऱ्या माणसाचं नाव कुठल्या यादीत असणार? आम्ही बंदी मोडा म्हणत नव्हतो. प्राणी गेले त्या जागी माणसांचे नवे खेळ बसवायला वेळ आणि पैसा द्या, एवढंच मागत होतो.

लॉकडाउनमध्ये आमच्या ओळखीतल्या एका तंबूत सत्तर माणसं एकाच मैदानात अडकली. झुल्यावरची मुलं भाजीची गाडी लावत होती. त्यातली निम्मी परत आलीच नाहीत.

घाटातला गडी

ताई, हे पटलं. सर्कशीला कुणी वाली नाही हे खरं आहे. माझा राग तुमच्यावर नव्हता.

पालावरचा

सगळ्यांचं वाचलं. आता माझंही ऐका. मी डोंबारी समाजातला, वकिलीच्या शेवटच्या वर्षाला आहे. मास्तरांनी सांगितलेली मुलगी माझी बहीण नव्हती, पण असू शकली असती.

ताई, तुमचा तंबू आणि आमचा दोर एका वाक्यात घालू नका. तुमच्याकडे जाळी होती, पगार होता, तिकीट खिडकी होती. आमच्याकडे ताट होतं. तुमच्या कलेला लोक कला म्हणतात, आमच्या खेळाला कायदा भीक म्हणतो. मुंबई भीक प्रतिबंधक कायदा, १९५९ वाचा. गाणं, नाच, भविष्य सांगणं किंवा खेळ करणं, हे बहाणे करून सार्वजनिक जागी पैसे मागणं म्हणजे भीक, असं त्यात लिहिलंय. माझ्या बापाला त्याखाली एका शहरात दोनदा उचललं होतं. त्याच्या आधी गुन्हेगार जमातींचा कायदा होता, १९५२ ला गेला म्हणतात. पाल टाकलं की पहिली चौकशी अजून आमचीच होते.

आणि 'कला टिकली पाहिजे' म्हणणाऱ्या सगळ्यांना विचारतो, कुणाच्या पोरीच्या मानेवर? माझ्या आईची मान आजही उजवीकडे पूर्ण वळत नाही. मला जातीच्या दाखल्यासाठी २१ नोव्हेंबर १९६१ च्या आधीचा रहिवासाचा पुरावा मागितला. ज्याचा आजा आज इथे आणि उद्या तिथे, त्याने कुठल्या गावचा आणायचा? चार वर्षं फिरलो. शेवटी एका गावातल्या शाळेच्या जुन्या रजिस्टरमध्ये चुलत आजोबांचं नाव सापडलं, दोन महिन्यांसाठी घातलेलं. त्या दोन महिन्यांनी मला वाचवलं, दोराने नाही.

निवृत्त मास्तर

बाळ, तुझं वाचून मला माझ्या वर्गाचाच विचार आला. मी तिला बसू देत होतो, पण नाव घातलं नाही. दाखला नाही म्हणून घातलं नाही. घालता आलं असतं.

मल्लखांब

पालावरचा यांचं दुःख मान्य करूनही एक लिहितो. मी मल्लखांब शिकवतो. दोरीच्या मल्लखांबावर माझी मुलगी जे करते तेच डोंबाऱ्याची मुलगी करते, काही वेळा जास्त अवघड करते. एकीला पदक, दुसरीला ताट. मी दोन पालावरच्या मुलांना आखाड्यात आणायचा प्रयत्न केला. आमच्याच पालकांनी कुरकुर केली, मी नमतं घेतलं, आणि ती मुलं पुढच्या मुक्कामाला निघून गेली. ती टोचणी अजून आहे.

तंबूतली लेक

पालावरचा, तुमचं बरोबर आहे. मी 'आम्हाला' म्हणताना तुम्हालाही त्यात धरलं ते चुकलं. लिहिताना हात जड होतोय, पण चुकलं. मी नवव्या वर्षी झुल्यावर चढले, मला आवडायचं, म्हणून मला वाटायचं सगळ्यांनाच आवडत असेल. मुलांच्या बाबतीत मास्तरही बरोबर आहेत. चौदाच्या आत कुणी रिंगणात नको.

पण मास्तर, तुमच्या त्या निकालाच्या पुढचा कायदाही वाचा. बालमजुरीच्या कायद्यात २०१६ ला दुरुस्ती झाली. जाहिरात, सिनेमा, मालिका, करमणुकीचे इतर प्रकार, सगळीकडे अटी पाळून मूल कलाकार म्हणून काम करू शकतं, फक्त 'सर्कस वगळून'. तुमच्या घरी टीव्हीवर आठ वर्षांची मुलगी रात्री दहा वाजता नाचते, परीक्षक रडतात, तुम्ही मत पाठवता. तिची झोप मोडत नाही? तिचं शरीर दुखत नाही? नियम मुलांसाठी असेल तर सगळ्या मुलांसाठी असू दे.

निवृत्त मास्तर

ही तरतूद मला माहीत नव्हती. माझी नात तसल्या कार्यक्रमाच्या चाचणीला गेली होती, आणि मीच तिला गाडीतून नेलं होतं. तरी त्यामुळे सर्कशीत मुलं परत येऊ नयेत हे माझं मत बदलत नाही. टीव्हीवरचीही काढावीत, इतपत मी तुमच्याकडे सरकतो. मोठ्या माणसांनी झुल्यावर जावं, त्याला माझा विरोध मागे घेतो. मौत का कुआ मात्र मला अजूनही मान्य नाही. तिथे जाळी नाही आणि चालवणारे हेल्मेटही घालत नाहीत.

यात्रा कमिटी

मग आम्ही काय करायचं ते कुणी सांगेल का? कुआवाल्याचा फोन येऊन गेलाय, मंगळवारी बैठक आहे. परवानगीचे कागद तो आणतो, ते मी बघतो. पण फळ्या धड आहेत की नाहीत ते मला कळत नाही.

तंबूतली लेक

कागदांनी ते कळणार नाही. उभारणीच्या दिवशी स्वतः जा, संध्याकाळी खेळ सुरू झाल्यावर नको. बाहेरून एक फेरी मारा. फळ्यांचे जोड जिथे येतात तिथे नट किती गंजलेत आणि किती जागी नटाऐवजी तार गुंडाळली आहे ते मोजा. भोवतीचा तारेचा दोर हाताने दाबून पाहा, सैल लागला तर तिथेच थांबा. वरच्या कठड्यावर किती माणसं उभी राहणार ते लिहून घ्या आणि तेवढीच तिकिटं फाडू द्या, कारण विहीर गाडीने हलते तितकीच वरच्या गर्दीनेही हलते. गाडी चालवणाऱ्याला, मालकाला नाही, त्याला बाजूला घेऊन विचारा की काल किती खेळ केले. दहाच्या वर सांगितले तर त्या रात्री त्याला झोपू द्या. आणि विमा कुणाच्या नावाचा आहे ते बघा. बहुतेक वेळा तो यंत्राचा असतो, माणसाचा नसतो.

पालावरचा

आणि त्यांच्याबरोबर मुलं असतील तर तेवढ्या दिवसांसाठी शाळेत नाव घालायला सांगा. रजिस्टरमध्ये, शाईने. नुसतं बसू देऊ नका.

यात्रा कमिटी

मुख्याध्यापक माझ्या वर्गातले आहेत. मंगळवारच्या बैठकीला त्यांनाही बोलावतो.