मदत हवी आहे: इलेक्ट्रिक गाडीने पुणे ते पणजी, आंबोलीमार्गे

दिवाळीच्या सुट्टीत पुण्याहून पणजीला जायचं आहे. रस्ता सातारा, कऱ्हाड, कोल्हापूर, निपाणी, आजरा, आंबोली, सावंतवाडी. साधारण ४५० किमी. बॅटरी ४० युनिटची (किलोवॅट-तास), एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) प्रकारची. डीसी चार्जरवर (रस्त्यावरचा फास्ट चार्जर) गाडी ३० किलोवॅटच्या वर घेत नाही. चार माणसं, डिकी भरलेली, सोबत १५ अँपियरची पोर्टेबल केबल. थांबे कुठे धरावेत? घाट किती बॅटरी खाईल? आणि हॉटेलच्या प्लगवर रात्रभर चार्जिंग लावलं तर चालेल का?

घाटवाट:
आधी वेग ठरवा, थांबे त्यावरून ठरतात. एवढ्या वजनाला, एसी लावून, ८० ते ८५ च्या वेगात किमीला ०.१५ ते ०.१६ युनिट धरा. १०० ने गेलात तर ०.१९ च्या पुढे जाईल, कारण हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो. तळाचे १५% हिशेबातच घेऊ नका.

पुणे ते कऱ्हाड १६० किमीला, खंबाटकीचा चढ धरून, ६५% जातील. तिथे ८०% पर्यंत भरा, साधारण ४० मिनिटं. त्यापुढे चार्जिंगचा वेग पडतो आणि मागे रांग वाढत जाते. कोल्हापूरला ५०% च्या आसपास पोचाल. जेवण तिथेच करा आणि इथे मात्र ९०% होईपर्यंत थांबा, कारण निपाणी सोडल्यावर चार्जर विरळ होतात.

प्रत्येक थांब्याला दुसरा पर्याय हवाच. चार्जरपाशी पोचताना पुढच्या चार्जरपर्यंत जाण्याइतकी बॅटरी शिल्लक असली पाहिजे. अ‍ॅपवर ‘उपलब्ध’ दिसतं म्हणून विसंबू नका. शेवटची गाडी तिथे केव्हा चार्ज झाली ते पाहा, शक्य असेल तर फोन करा. ६० किलोवॅटचा चार्जर दोन गाड्यांत वाटला गेला तरी तुम्हाला ३० मिळतातच, त्यामुळे ती काळजी सोडा. चार्जिंग अ‍ॅपच्या वॉलेटमध्ये पैसे मात्र घरूनच भरा. ऐनवेळी ओटीपी येत नाही, आणि चार्जरची बंदूक (गाडीत लावायचा प्लग) लावून नुसतं उभं राहावं लागतं.

तिसरी_पिन:
हॉटेलच्या प्लगबद्दल. १५ अँपियरवर ३ युनिट प्रतितास धरले, तर १० तासांत ३० युनिट, म्हणजे ७५% च्या आसपास. खोली ठरवण्याआधीच विचारा: गाडी लावायच्या जागेपासून केबल पोचेल अशा अंतरावर १५ अँपियरचा सॉकेट आहे का, त्याला वेगळा एमसीबी (भार वाढला की आपोआप पडणारा स्विच) आहे का, अर्थिंग आहे का? अर्थिंग नसेल तर चार्जरचा लाल दिवा लागतो आणि गाडी चार्जिंग घेत नाही. तीन दिव्यांचा छोटा सॉकेट टेस्टर सोबत ठेवा.

खरा धोका ढिल्या सॉकेटचा. गीझर तासभर चालतो. गाडी रात्रभर पूर्ण करंट ओढते, आणि ढिली पिन वितळते. लावल्यावर अर्ध्या तासाने प्लगला हात लावून बघा. कोमट चालेल, चटका बसला तर काढा, किंवा चार्जरवर सोय असेल तर १० अँपियरवर आणा. टीव्हीचा एक्स्टेंशन बोर्ड अजिबात नको. एक्स्टेंशन लागलंच तर ४ चौरस मिमी तांब्याची तीन-कोअर वायर, आणि ती पूर्ण उलगडून. वायरची गुंडाळी तशीच ठेवली तर आतल्या आत तापते.

घाटवाट:
आता घाट. आंबोली ते सावंतवाडी उतार सुमारे ६०० मीटरचा. १८०० किलोची गाडी तेवढं उतरताना जवळजवळ ३ युनिट ऊर्जा मोकळी होते. त्यातली काही चाकंच वापरतात, काही रीजेनने (उतारावर मोटरच वीज बनवते) बॅटरीत परत येते, म्हणून ते ३० किमी जवळपास फुकट पडतात. रीजेन सर्वांत वरच्या पातळीवर ठेवा. आंबोलीत मुक्काम करून १००% भरू नका, कारण भरलेली बॅटरी रीजेन घेत नाही आणि सगळा भार ब्रेकवर येतो.

निघण्याच्या आदल्या रात्री घरी सावकाश १००% करा. एलएफपीचा व्होल्टेज बराच काळ सपाट राहतो, त्यामुळे पूर्ण भरल्याशिवाय टक्क्यांचा आकडा नीट जागेवर येत नाही. आणि १२ व्होल्टची छोटी बॅटरी तपासून घ्या. ती बसली तर मोठी भरलेली असूनही गाडी सुरू होत नाही, डीसी चार्जिंगही लागत नाही.

धागाकर्ता:
फार उपयोगी, दोघांचे आभार. परतीला सावंतवाडीहून ६०% वर निघून कोल्हापूर गाठता येईल का?

घाटवाट:
नाही. चढाला ३ युनिट वरचे, शिवाय तेवढ्या ३० किमीचे नेहमीचे ४. म्हणजे आंबोलीपर्यंतच १८%. पुढच्या १२० किमीला ४३%. एकूण ६१, त्यावर राखीव १५. पणजीहून १००% निघालात तर ६० किमीवर सावंतवाडीत ७७% उरतील. जेमतेम पुरतात. बांदा-सावंतवाडी भागातला चालू चार्जर आधीच पाहून ठेवा आणि तिथे १५ ते २० मिनिटं लावूनच घाट चढा.