तुरुंगातील लैंगिक संबंध : नकार दिला नाही म्हणजे संमती का?

प्रश्न : विधी महाविद्यालयातील प्रकल्पासाठी मी या विषयावर वाचत आहे. बंदी (म्हणजे कैदी) सज्ञान असेल आणि त्याने किंवा तिने नकार दिला नसेल, तर तो संबंध संमतीचा मानायचा का? ‘तुरुंगात हे चालायचेच’ असे म्हणून विषय झटकणारेच अधिक भेटतात.

प्रतिसाद १ : मथुरा खटल्यात हाच मुद्दा होता. 1972 मध्ये देसाईगंज पोलीस ठाण्यात मथुरा नावाच्या आदिवासी मुलीवर बलात्कार केल्याचा आरोप दोन पोलिसांवर होता. भीतीपोटी पत्करलेली शरणागती म्हणजे संमती नव्हे, असे उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने म्हटले. सर्वोच्च न्यायालयाने मात्र अंगावर जखमा नाहीत, आरडाओरडा नाही, या आधारावर 1978 मध्ये दोघांना निर्दोष सोडले. त्यावरील संतापातून कायद्यात 1983 ची दुरुस्ती आली. ताब्यातील स्त्रीशी कर्मचाऱ्याचा शरीरसंबंध सिद्ध झाला आणि आपली संमती नव्हती असे तिने न्यायालयात सांगितले, तर ती नव्हती असेच गृहीत धरले जाते. शिवाय तुरुंगाच्या अधीक्षकाने पदाचा गैरवापर करून तिला राजी केले, तर तिच्या होकारानंतरही तो गुन्हाच ठरतो. भारतीय न्याय संहितेच्या कलम 68 नुसार किमान 5 वर्षे सश्रम कारावास आहे.

प्रतिसाद २ : हे सारे स्त्रियांपुरते झाले. पुरुष बंदीवर बळजबरी झाली तर पूर्वीच्या भारतीय दंड संहितेत ‘अनैसर्गिक’ संबंधांना गुन्हा ठरवणारे कलम 377 होते. सर्वोच्च न्यायालयाच्या 2018 च्या निकालाने सज्ञानांचे संमतीचे संबंध त्यातून वगळले, बळजबरी मात्र गुन्हाच राहिली. तिच्या जागी 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या न्याय संहितेत ते कलमच नाही आणि बलात्काराच्या व्याख्येत पीडित स्त्रीच आहे, त्यामुळे त्याच्या हाती मारहाण, दुखापत अशी किरकोळ कलमे उरतात. ही पळवाट नव्हे, चांगले भगदाड आहे.

प्रतिसाद ३ : बायको जवळ नाही म्हणून हे घडते, हा समज अर्धवट आहे. खचाखच भरलेल्या बराकीत झोपायची जागा कोणाला मिळणार, कँटीनचे सामान कोणाकडे राहणार, हे जुना बंदी ठरवत असेल, तर त्याच्यापुढे नव्याने आलेल्या पोराच्या ‘हो’ला काय किंमत? अर्थात दोन बंदींमध्ये खुशीचे संबंधही असतात, आणि ते नाकारण्याचा हट्ट आरोग्याला महाग पडतो : 1994 मध्ये तिहारमध्ये निरोध वाटण्यास किरण बेदी यांनी नकार दिला, तेव्हा प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेले. पंजाबने 2022 मध्ये काही तुरुंगांत पती-पत्नीच्या एकांत भेटी सुरू केल्या. पाऊल चांगले आहे, पण बराकीतील दादागिरीला त्याने धक्का लागत नाही. काही दिवस घरी जाण्यासाठीची आपल्याकडची संचित रजा तर शिक्षा झालेल्यांनाच मिळते, आणि महाराष्ट्रातील तुरुंगांत गर्दी आहे ती मुख्यतः कच्च्या कैद्यांची.