‘शटर लॅग’ला काय म्हणावं?

अर्धविराम
फिल्मच्या कॉम्पॅक्ट कॅमेऱ्यांवरचा एक लेख मराठीत आणतोय. ‘शटर लॅग’ला, म्हणजे बटण दाबल्यापासून शटर उघडेपर्यंतच्या वेळेला, ‘शटरचा विलंब’ लिहिलं होतं, मित्राने त्यावर काट मारली. म्हणतो, शटर कुठे उशीर करतं? ते क्षणात उघडून मिटतं. उशीर होतो तो त्याच्या आधी. मुद्दा पटला, पण दुसरा शब्द सापडत नाही.

काजवा
मित्राचं बरोबर आहे. अशा बऱ्याच कॅमेऱ्यांत बटण अर्धं दाबलं की अंतर मोजून लक्षात ठेवलं जातं, एवढंच. भिंग जागचं हलतही नाही. पूर्ण दाबल्यावर ते सरकतं, ठरल्या टप्प्यावर थांबतं आणि मग शटर उघडतं. लाल डोळे टाळणारा फ्लॅश चालू असेल तर त्याआधी त्याची लुकलुक. तोवर समोरच्या पोराने मान फिरवलेली असते! मी तर ‘दिरंगाई’ म्हणेन. ‘विलंब’ फार सरकारी वाटतो.

टाचण
दिरंगाई नको. मूळ फारसी ‘दिरंग’ म्हणजे नुसता उशीर, पण मराठीत दिरंगाई माणूस करतो आणि त्यात त्याचा दोष असतो. भिंगाला सरकायला वेळ लागतो यात दोष कुणाचा? ‘विलंब’ मात्र नेमका आहे. विलंबित लयीत कुणी उशिरा येत नाही, दोन मात्रांमधलं अंतर लांबतं. इथेही दाबणं आणि उघडणं यांतलं अंतरच लांबलंय. बाकी लेखात ‘ऑटोफोकस’ तसाच ठेवणार का? ‘स्वयंनाभीयन’ करता येईल.

उंबरठा
‘स्वयंनाभीयन’ वाचून कोणाला काय कळणार? रोल धुऊन आला आणि फोटो पुसट निघाला की घरात सगळे ‘हा फोटो आऊट आलाय’ म्हणायचे. ‘आऊट’ हा अस्सल मराठी वापर आहे, इंग्रजीत असं कुणी म्हणत नाही. लोकांनी घडवलेला शब्द समोर असताना कोशात कशाला शिरायचं?

टाचण
फोकल लेंग्थला ‘नाभीय अंतर’ म्हणायला आपण शाळेत शिकलोच की. आणि ‘फोकस’ तरी कुठे सोपा होता? लॅटिनमध्ये त्याचा अर्थ चूल. केप्लरने 1604 मध्ये तो प्रकाशशास्त्रात आणला. भिंगाखाली ऊन एकवटून कागद पेटतो, त्या जागेला चूल म्हणणं शोभतंच. चाकाचे सगळे आरे जिथे मिळतात ती नाभी. आपलं चित्रही तितकंच चांगलं आहे.

काजवा
चित्र छान आहे, पण या कॅमेऱ्यांना लागू पडत नाही. फोटो काढणाऱ्या भिंगातून आलेली प्रतिमा ते तपासतच नाहीत, फक्त अंतर मोजतात. 1977 च्या कोनिका सी35 एएफमध्ये दोन छोट्या खिडक्यांतून दिसणाऱ्या प्रतिमा ताडून अंतर काढलं जाई. 1979 च्या कॅनन एएफ35एमने अवरक्त (इन्फ्रारेड) किरण सोडून, ते कोणत्या कोनातून परततात ते पाहिलं. म्हणून तर दोघे शेजारी उभे असले आणि मध्ये फट असली की अंतर मोजलं जातं भिंतीचं, मग मागची भिंत स्पष्ट आणि माणसं पुसट. खिडकीच्या काचेमागून काढलं तर अवरक्त किरण काचेवरूनच परतायची भीती. या चुका कळायला ‘नाभी’ची काय मदत? ‘आपोआप अंतर मोजणं’ म्हणा, वाचकाला फट आणि भिंत लगेच समजेल.

उंबरठा
हे आवडलं. मग अंतर आधीच ठरवलं तर मोजायलाच नको. रिको जीआर1 मध्ये (1996) स्नॅप मोड आहे, त्यात फोकस 2 मीटरवर पक्का. रस्त्यावर फोटो काढणाऱ्यांना तो म्हणूनच प्रिय. ‘बांधलेला फोकस’ म्हणावं का?

अर्धविराम
सगळं टिपून घेतोय. पण ‘लॅग’चं काय? सध्या ‘कळ दाबल्यापासून फोटो निघेपर्यंतचा वेळ’ असं लिहिलंय. शीर्षकात एवढं लांब बसत नाही.

टाचण
‘कळ’ छान. आता ‘शटर’ला ‘पडदा’ करा.

काजवा
पडदा अजिबात नको! पडदा असतो एसएलआरमध्ये, म्हणजे भिंग बदलता येणाऱ्या मोठ्या कॅमेऱ्यांत, फिल्मच्या पुढ्यात सरकणारा. कॉम्पॅक्टमध्ये भिंगाजवळ पाती असतात, मधून उघडतात आणि मिटतात. कित्येक मॉडेलांत तीच पाती छिद्र लहानमोठं करायचं कामही करतात. ‘पडदा’ लिहिलंत तर जाणकार पहिल्या ओळीला लेख बाजूला ठेवतील.

टाचण
मग दोन्हींना चालेल असा ‘झडप’ घ्या. झडप उघडते, मिटते, तिला पाती असली काय नि कापड असलं काय.

उंबरठा
झडप म्हटलं की मला पंपाचा व्हॉल्व्ह दिसतो. आणि ‘झडप घातली’ म्हणजे तर झेप. ‘शटर’ राहू द्या, तो शब्द आता आपलाच आहे.

टाचण
असं म्हणत म्हणत एकेक शब्द जातो. ‘झडपे’चा पंपाशी संबंध नंतरचा असावा, आधी दाराखिडकीची झडप. कोणाकडे जुना कोश आहे का?